हाफकिन : परळच्या संस्थेमागचा माणूस

टाटा किंवा के. ई. एम. रुग्णालयाच्या कामासाठी परळला कधीच गेले नाही असे घर आपल्या पनवेलमध्ये विरळाच. त्याच परिसरात आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे. पोलिओचे डोस आणि सर्पदंशावरील औषध यांमुळे हे नाव आपल्या कानांवरून गेलेले असते. परंतु हे नाव एका हाडामांसाच्या माणसाचे आहे, त्याने मुंबईत प्लेगची लस शोधली आणि त्याच्या कामाला आपल्याच समाजातील एका तरुणाने मोठा आधार दिला, ही हकीकत विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली जाते.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. यहुदी म्हटले की पनवेलकरांना आपले बेने इस्रायल शेजारी आणि १८४९ साली बांधलेले बेथ एल सिनेगॉग आठवेल. कोकणात या मंडळींना धर्मावरून कोणी छळले नाही. रशियात मात्र यहुद्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत. तरुण हाफकिन अशा एका हल्ल्यात आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले आणि वर तुरुंगातही गेले. विद्यापीठात ते मेचनिकॉव्ह या थोर शास्त्रज्ञाचे आवडते शिष्य होते. पदवी होती, बुद्धी होती. पण प्राध्यापकाची जागा हवी असेल तर धर्म बदलावा लागेल, अशी अट पुढे आली. त्यांनी ती नाकारली आणि काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात पोट भरले. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला.

जिनिव्हात वर्षभर काढून १८८९ मध्ये ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत आले. तेथे एकच जागा रिकामी होती, ग्रंथपालाच्या मदतनिसाची. त्यांनी ती आनंदाने पत्करली. पुस्तके लावून झाली की उरलेला वेळ प्रयोगशाळेत जाई. तीन वर्षांत त्यांनी पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पटकीचे माहेरघर हिंदुस्थान, तेव्हा लसीची खरी कसोटी तेथेच, असा सल्ला त्यांना पॅरिसमधील इंग्रज वकील लॉर्ड डफरिन यांनी दिला. डफरिन पूर्वी येथे व्हाइसरॉय होते. १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

पुढील दोन वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी पटकीची लस टोचली. आणि मग हा माणूस आजारी पडला तो पटकीने नव्हे, हिवतापाने. मलेरियाने हाडे खिळखिळी झाल्यावर १८९५ मध्ये त्यांना युरोपला परतावे लागले. हिवताप कसा पसरतो याचा उलगडा तेव्हा झालेला नव्हता. तो १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी केला. हुसेन खान नावाचा रुग्ण डासामागे एक आणा घेऊन डासांकडून स्वतःला चावून घेई, आणि त्याचे रक्त प्यालेल्या डासाच्या पोटात रॉसना हिवतापाचे जंतू सापडले. रॉसना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाचे नाव निदान आपण तरी लक्षात ठेवावे.

हाफकिन १८९६ मध्ये परत आले. त्याच सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सरकारने हाफकिन यांना मुंबईस धाडले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत लस उभी केली.

त्यांची रीत विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे आणि रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. जंतू त्या थेंबांना धरून पारंब्यांसारखे खाली लोंबत वाढतात. बाटली हलवली की पारंब्या गळून तळाशी बसतात आणि वर नव्या फुटतात. असे काही आठवडे चालले की भरपूर जंतू जमतात. मग ते उष्णतेने मारायचे. मेलेला जंतू रोग देत नाही, पण त्याच्या अंगावरील प्रथिने शिल्लक राहतात. शरीर ती ओळखते, प्रतिकार तयार करते आणि पुढे जिवंत जंतू आला तर सज्ज असते. प्लेगच्या जंतूवरील अशा एका प्रथिनाला शास्त्रज्ञ आता एफ-१ म्हणतात आणि नव्या लसी त्यावरच रचत आहेत. रसासाठी मांस बोकडाचे वापरले जाई. गाय किंवा डुक्कर म्हटले असते तर या देशात कोणी दंड पुढे केला नसता.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतली. पुढे लोकांना जी मात्रा दिली, तिच्या जवळजवळ तिप्पट. ताप चढला, अंग दुखले, तरी काम चालू राहिले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ज्या कैद्यांनी आपखुशीने लस घेतली त्यांच्यात दोघे आजारी पडले, मेला एकही नाही. ज्यांनी घेतली नाही त्यांच्यात बारा आजारी पडले आणि सहा दगावले.

शहर मात्र भयाने आणि संशयाने भरले होते, आणि तो संशय निष्कारण नव्हता. सरकारी पथके घरात घुसत, सामान जाळत, बायकांना तपासत, रोग्यांना ओढून नेत. इस्पितळात नेलेले माणूस परत येत नाही, असा समज पक्का झाला होता. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या जुलाहा वस्तीत एका आजारी मुस्लिम मुलीला नेण्यावरून दंगल पेटली आणि गोळीबारात माणसे गेली. लोक अडाणी होते म्हणून लस घेत नव्हते, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या सरकारने आदल्या दिवशी दार फोडले, त्याच सरकारची सुई दुसऱ्या दिवशी कोण टोचून घेईल?

अशा वेळी सर सुलतान मुहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, पुढे आले. जन्म १८७७ चा, तेव्हा वय जेमतेम विशीचे. त्यांनी सर्वांदेखत स्वतःला लस टोचून घेतली, तीही एकदा नव्हे, आणि ही बातमी लोकांत पसरेल अशी व्यवस्था केली. खोजा जमातीतील हजारो लोक त्यांच्यामागून आले. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला जागा अपुरी पडू लागली तेव्हा आगाखानांनी आपला खुशरू लॉज हा बंगला दिला. एका यहुदी शास्त्रज्ञाची लस मुस्लिम पुढाऱ्याच्या घरात तयार होऊन हिंदू, पारशी, ख्रिस्ती सर्वांच्या दंडात जात होती. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ती आजही तेथेच आहे.

१८९८ मध्येच बडोदे संस्थानातील उंधेरा गावी त्यांनी एक चोख प्रयोग केला. प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस द्यायची, निम्म्यांना नाही. ज्या घरांत पुढे प्लेग आला, तेथे लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले आणि न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६. गणित शिकवणाऱ्यांनी हे आकडे फळ्यावर जरूर मांडावेत.

मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली आणि त्यांतील एकोणीस जण धनुर्वाताने मेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट चौकशीत आली होती. बाटली परळलाच दूषित झाली असती, तर इतक्या दिवसांनी उघडताना दुर्गंधी आली असती, हाही मुद्दा होता. पण हाफकिन वैद्यकीची पदवी नसलेले, परके आणि यहुदी. त्यांच्या बाजूने बोलण्याची घाई सरकारात कोणाला नव्हती. चार वर्षांहून अधिक काळ ते स्वतःच्या निर्दोषत्वासाठी झगडत राहिले. अखेर जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात दहा नामवंत शास्त्रज्ञांनी त्यांच्या बाजूने पत्र लिहिले. त्यांत रॉसही होते. त्या वर्षअखेर हाफकिन दोषमुक्त ठरले.

परळची खुर्ची मात्र परत मिळाली नाही. त्यांना कलकत्त्यास नेमले गेले, तेथे लसीचे नवे प्रयोग करण्याची मोकळीक दिली नाही, आणि पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपला गेले. प्लेगची लस तर थांबली नव्हती. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून तिच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते हयात होते.

त्यांना ज्या हिवतापाने गाठले होते त्यावरील लस यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली. हिवतापाचा जंतू आपले रूप वारंवार पालटतो, म्हणून त्याच्या अंगावरचे नेमके कोणते प्रथिन निवडावे हा प्रश्न सुटता सुटत नव्हता. अशी पहिली लस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्य केली. २०२३ मध्ये दुसरी मान्य झाली, ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते.

हाफकिन यांनी लग्न केले नाही. उत्तर आयुष्यात ते आपल्या धर्माचे आचार काटेकोरपणे पाळू लागले, आणि आयुष्यभराची शिल्लक पूर्व युरोपातील यहुदी मुलांच्या शिक्षणासाठी ठेवून २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारले. भारत सरकारने १९६४ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.