थिओडोर श्वान : पेप्सिन, पेशी आणि कर्करोगाचा माग

शालेय जीवशास्त्रात श्लायडेन आणि श्वान ही नावे जोडीनेच येतात. सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात, या सिद्धांतापाशी थिओडोर श्वान यांची ओळख बहुधा संपते. मात्र त्याआधी तीन वर्षे त्यांनी जठरातील प्रथिने तोडणारा पदार्थ शोधला होता. फुप्फुसाच्या कर्करोगावरील आजच्या संशोधनात या दोन्ही शोधांची गाठ पडते.

ऱ्हाइनकाठच्या नॉइस येथे ७ डिसेंबर १८१० रोजी एका सोनाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८३४ मध्ये बर्लिनमध्ये वैद्यकीची पदवी घेऊन ते प्रख्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांचे अल्पवेतनी साहाय्यक झाले. पुढील पाच वर्षांत त्यांनी आयुष्यातील बहुतेक मोठे काम उरकले.

अन्न केवळ जठरातील आम्लामुळे पचत नाही, हे त्यांना जाणवले. जठराच्या अस्तराचा अर्क अत्यल्प प्रमाणातही अंड्याचा गोठलेला पांढरा बलक विरघळवतो, असे त्यांना आढळले. १८३६ मध्ये त्यांनी या पदार्थाला पेप्सिन हे नाव दिले. तो शुद्ध स्वरूपात हाती आला नव्हता. त्याचे अस्तित्व केवळ त्याच्या कार्यावरून ओळखता येत होते. १८३९ च्या ग्रंथात त्यांनी प्राण्यांच्या ऊती पेशींपासून घडतात, हे मांडले. पेशींचा उगम त्यांनी चुकीचा सांगितला. ती चूक पुढे रेमाक आणि फिर्खो यांनी दुरुस्त केली. म्युलर यांनी मात्र १८३८ मध्येच हा विचार अर्बुदांना लावून त्यांचीही घडण पेशींची असल्याचे दाखवले होते.

साखरेचे किण्वन जिवंत यीस्टमुळे होते, हे श्वान यांनी १८३७ मध्ये सांगितले. रसायनशास्त्रातील दिग्गज लीबिग आणि व्होलर यांनी निनावी लेखातून त्याची टर उडवली. बॉनमधील प्राध्यापकपदही हुकले. १८३९ मध्ये श्वान यांनी मायदेश सोडला आणि बेल्जियममधील लूव्हाँ व नंतर लिएज येथे अध्यापन केले. पचनातील पित्ताचे महत्त्व त्यांनी तेथे सिद्ध केले, विषारी वायूत उपयोगी पडणारे श्वसनयंत्रही बनवले; परंतु बर्लिनमधील झपाटा पुन्हा दिसला नाही. १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. पाश्चर यांच्या प्रयोगांनी यीस्टविषयीचे त्यांचे म्हणणे त्यांच्या हयातीतच खरे ठरवले. ११ जानेवारी १८८२ रोजी कोलोन येथे त्यांचे निधन झाले.

पेप्सिनसारखी प्रथिने तोडणारी विकरे शरीरात सर्वत्र असतात. अर्बुदातील पेशींना पसरायचे असेल तर भोवतीचे प्रथिनांचे जाळे भेदावे लागते. कॅथेप्सिन बी, युरोकायनेज आणि मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज ही विकरे त्यासाठी त्यांच्या उपयोगी पडतात. फुप्फुसाच्या कर्करोगात अर्बुदात किंवा रक्तात त्यांचे प्रमाण वाढल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. प्रोस्टेट ग्रंथीसाठी सर्रास तपासले जाणारे पीएसए हेही अशाच जातीचे विकर आहे. फुप्फुसाच्या बाबतीत मात्र अडचण आहे. धूम्रपान आणि जुनाट दाह यांतही ही विकरे वाढतात. त्यामुळे केवळ त्यांच्यावरून निदान करता येत नाही. कोणते विकर किती आहे, एवढे मोजून भागत नाही. ते प्रत्यक्षात काय तोडत आहे, हे पाहावे लागते. पेप्सिनचा माग काढताना श्वान यांनी हीच वाट धरली होती.