सर्पगंधेला शास्त्राची साक्ष मिळवून देणारे डॉ. रुस्तम वकील

खास प्रतिनिधी

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात असो वा हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आज दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला जातो आणि तो वाढलेला आढळल्यास गोळी दिली जाते. यात कोणालाही नवल वाटत नाही. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी भरवशाची गोळीच उपलब्ध नव्हती. ही परिस्थिती पालटण्यात मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा मोठा वाटा आहे.

त्या काळची असहायता लक्षात येण्यासाठी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांचे उदाहरण पुरेसे ठरावे. जगातील उत्तमोत्तम डॉक्टर त्यांच्या दिमतीला होते. तरी विश्रांती, मिठाचे पथ्य आणि गुंगीच्या औषधांपलीकडे त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. एप्रिल १९४५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन रुझवेल्ट यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब ३०० च्या पुढे गेला होता. काही रुग्णांवर मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया केली जाई. वाढलेला रक्तदाब कमी करणेच धोक्याचे, असे मानणारेही अनेक डॉक्टर होते. दरम्यान, त्या दाबाने हृदय थकत असे, मूत्रपिंडे निकामी होत आणि पक्षाघाताचे झटके येत.

मुंबईतील पारशी कुटुंबात १९११ मध्ये जन्मलेल्या वकील यांनी लंडनमध्ये वैद्यकाचे उच्च शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर परळच्या के.ई.एम. रुग्णालयात ते रुग्णसेवा आणि अध्यापन करू लागले. त्यांचे लक्ष वेधून घेतले ते सर्पगंधा या वनस्पतीने. सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर तिची मुळे या देशात पिढ्यान्‌पिढ्या वापरली जात होती. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुळांतील क्षारद्रव्ये वेगळी केली. त्याच वर्षी कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी रक्तदाब व मनोविकारांवरील तिच्या उपयोगाबद्दल लिहिले. पण ही माहिती देशाबाहेर पोहोचली नाही.

डॉ. वकील यांनी अनेक वर्षे रुग्णांवर हे औषध वापरून पाहिले आणि नोंदी ठेवल्या. त्यांतील ५० रुग्णांचा अभ्यास १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांच्या उपचारानंतर बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब उतरल्याचे त्यात आकडेवारीनिशी मांडलेले होते. वनस्पती जुनीच होती. तिची मोजून-मापून पारख करून ती जगापुढे ठेवण्याचे काम डॉ. वकील यांनी केले.

परिणाम दूरवर झाला. हा निबंध वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून औषध मागवले आणि त्यांनाही तसाच अनुभव आला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी मुळांतील मुख्य घटक वेगळा करून त्याला रेसर्पिन हे नाव दिले. न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांसाठी वापरले. या कार्यासाठी १९५७ मध्ये अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार डॉ. वकील यांना मिळाला. क्लाइन हेही त्याच वर्षीचे मानकरी होते. १९५८ मध्ये भारत सरकारने डॉ. वकील यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली नॉरअॅड्रेनलिनसारखी द्रव्ये रिती करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते आणि दाब उतरतो. त्याच गुणाची दुसरी बाजू म्हणजे नाक चोंदणे, सुस्ती आणि काही रुग्णांमध्ये आढळलेले नैराश्य. १९५८ च्या सुमारास लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी थायाझाइड औषधे आली आणि पुढे आणखी सुरक्षित औषधांनी रेसर्पिनची जागा घेतली. तत्पूर्वी त्याने एक मोठी कामगिरी बजावली होती. रक्तदाब काबूत ठेवल्यास पक्षाघात आणि हृदयाचे दुबळेपण टळते, हे १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील माजी सैनिकांवरील अभ्यासाने सिद्ध केले. त्या अभ्यासात दिलेल्या तीन औषधांपैकी एक रेसर्पिन होते.

अध्यापक म्हणूनही डॉ. वकील यांचा ठसा मोठा आहे. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या वैद्यकशास्त्रावरील पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचे संपादन त्यांनी केले. परदेशी ग्रंथांवर विसंबलेल्या विद्यार्थ्यांना त्यामुळे आपल्या देशातील रोगांची आणि रुग्णांची माहिती देणारे हक्काचे पुस्तक मिळाले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

सर्पगंधेला मात्र या कीर्तीची किंमत मोजावी लागली. औषध मुळांत असल्याने ते मिळवायचे तर झाड उपटावे लागते. बेसुमार तोडणीमुळे ती जंगलांतून दुर्मीळ होत गेली आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. रेसर्पिनची गोळी आज क्वचितच लिहून दिली जाते. परंतु उच्च रक्तदाब हा निमूटपणे सोसण्याचा भोग नसून गोळीने आटोक्यात ठेवता येणारा विकार आहे, हा विश्वास ज्या मोजक्या संशोधकांनी रुजवला, त्यांत परळच्या रुग्णालयातील या डॉक्टरांचे स्थान अग्रभागी आहे.