वेदनायगम शास्त्री : मराठी दरबारातील ख्रिस्ती कवी

तंजावरपासून चार कोसांवर कावेरीकाठी तिरुवैयारु हे पंचनदक्षेत्र आहे. तेथे त्यागराज (१७६७–१८४७) तेलुगूत रामभक्ती गात होते. नौकाचरित्रात गोपींचा गर्व हरण करणारा कृष्ण रंगवीत होते. त्याच काळात तंजावर नगरीत एक ख्रिस्ती कवी तमिळमधून स्वर्गाचे रूपक रचीत होता. त्याचे नाव वेदनायगम शास्त्री.

त्यांचा जन्म १७७४ मध्ये तिरुनेलवेलीस झाला. बाराव्या वर्षाच्या सुमारास श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्यांना तंजावरला आणले. दत्तक राजपुत्र सरफोजी यांचेही पालकत्व याच श्वार्ट्झकडे होते. एकाच गुरूचे हे दोन शिष्य; एक पुढे राजा झाला, दुसरा मिशनच्या शाळेत शिक्षक.

१८०० च्या सुमारास शास्त्रींनी ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. कुरवंजी म्हणजे डोंगरी भविष्यवादिनीचे नृत्यनाट्य. नायिका देवावर किंवा राजावर अनुरक्त होते, कुरत्ती हात पाहून मीलनाचे भाकीत करते, तिचा पती पक्षी पकडतो, असा तिचा ठरलेला साचा. शास्त्रींनी तो मोडला नाही, आतला अर्थ पालटला. त्यांची नायिका देवमोहिनी म्हणजे ख्रिस्ती मंडळी. वर बेथलेहेमचा प्रभू. कुरत्ती म्हणजे श्रद्धा. आणि जाळ्यात येणारे पक्षी म्हणजे तारावयाचे जीव. बन्यनच्या इंग्रजी रूपककथेत (मराठीत हरि केशवजींचे ‘यात्रिकक्रमण’, १८४१) स्वर्ग ही दीर्घ वाटचालीच्या शेवटी लागणारी नगरी आहे आणि नरकाची वाट तिच्या दारापासूनही फुटते. शास्त्रींचा स्वर्ग मात्र विवाहमीलन आहे आणि नरकाच्या भयापेक्षा विरहाची व्याकुळता तेथे मोठी. तमिळ श्रोत्याला तो अधिक जवळचा वाटला असल्यास नवल नाही. याच काव्यात शास्त्रींनी कोपर्निकसचे खगोलशास्त्रही गुंफले. सरफोजींच्या नावे असलेल्या मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’तही कुरत्ती जगाचा भूगोल सांगते.

पुढे नव्या मिशनऱ्यांशी त्यांचे बिनसले. बायबलचे नवे भाषांतर, सणातील फुलांना व गायनाला मनाई, हे त्यांना सोसवेना. या तक्रारींत तथ्य होते. परंतु प्रभुभोजनास सर्व जातींनी एकत्र बसावे, यासही त्यांनी विरोध केला आणि जातिभेदाच्या बाजूने लेखणी चालवली. स्वर्गाच्या लग्नमंडपात सर्वांना बोलावणारा कवी पृथ्वीवरच्या पंगतीत भेद राखू पाहतो, ही विसंगती त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

१८२९ च्या सुमारास मिशनची नोकरी सुटली, तेव्हा सरफोजींनी या ख्रिस्ती सहाध्यायाला दरबारी कवी नेमले. शंभरावर ग्रंथ रचून शास्त्री १८६४ मध्ये निवर्तले. मराठी कीर्तनाच्या प्रभावाने तंजावरात रुळलेल्या कथाकालक्षेपाच्या पद्धतीने त्यांचे वंशज पुढेही त्यांची पदे गात राहिले, आणि तमिळ चर्चमध्ये ती आजही म्हटली जातात.