नेमणूक कोणाची आणि कशासाठी? : संरक्षणमंत्री यशवंतराव

यशवंतराव चव्हाण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. १ मे १९६० चा सोहळा, पंचायत राज्य, सहकारी साखर कारखाने, मराठवाडा विद्यापीठ, गरिबांच्या मुलांना मिळालेली फी-माफी, या सर्वांविषयी आपण भाषणांतून पुष्कळ ऐकतो. त्यांच्या आयुष्यातील चार वर्षांचा उल्लेख मात्र एका वाक्यात उरकला जातो. ती वर्षे नोव्हेंबर १९६२ ते नोव्हेंबर १९६६ अशी, भारताच्या संरक्षणमंत्रिपदाची. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, असे म्हणून आपण टाळ्या वाजवितो आणि पुढे जातो. सह्याद्रीने तेथे जाऊन काय केले, हे विचारीत नाही.

मला ते विचारावेसे वाटले, त्याला कारण आहे. आमच्या गावची मुले पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावतात. माझा थोरला भाऊही त्यांच्यात आहे. कोरडवाहू शेतीवर भागत नाही, म्हणून लष्कराची नोकरी हे आमच्याकडच्या कितीतरी घरांचे स्वप्न असते. ही मुले उद्या कोणाच्या हुकुमाने कोठे उभी राहणार, हे दिल्लीतील काही नेमणुकांवर ठरते. मंत्री कोण, सेनापती कोण, कोणाला बढती मिळाली आणि कोणाला डावलले, या गोष्टी वर्तमानपत्रात चार ओळींच्या असतात. पण त्यांची किंमत बर्फात उभा असलेला शिपाई मोजतो. १९६२ साली ती मोजली गेली.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. वडील प्लेगने लवकर वारले. आई विठाई लिहिणे-वाचणे न शिकलेली, पण मुलांनी शिकावे ही तिची जिद्द. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच ते स्वातंत्र्यलढ्यात ओढले गेले आणि १९३२ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात आचार्य भागवतांसारखे शिक्षक भेटले आणि वाचनाची गोडी कायमची लागली. सुटल्यावर मॅट्रिक, १९३८ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून बी. ए., नंतर पुण्यात वकिलीची पदवी. २ जून १९४२ रोजी वेणूताईंशी विवाह झाला आणि दोनच महिन्यांनी बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले. घरात शिक्षणाची परंपरा नसलेला मुलगा पुस्तकाच्या बळावर कोठवर जाऊ शकतो, याचे हे उदाहरण माझ्यासारख्याला धीर देणारे आहे. परंतु या साऱ्या शिदोरीत लष्कराचा अनुभव कोठेच नव्हता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आता त्यांच्या आधी काय घडले ते पाहू. १९५७ पासून संरक्षणमंत्री होते कृष्ण मेनन. माणूस विलक्षण बुद्धिमान. शस्त्रास्त्रे देशातच तयार व्हावीत हा त्यांचा आग्रह दूरदृष्टीचा होता आणि संरक्षण संशोधन संस्थेची स्थापना त्यांच्याच काळात, १९५८ मध्ये झाली. परंतु सेनाधिकाऱ्यांशी त्यांचे जमले नाही. बढत्यांवरून आणि वागणुकीवरून वाद इतके वाढले की, ३१ ऑगस्ट १९५९ रोजी सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी राजीनामा दिला. पंडित नेहरूंनी तो परत घ्यावयास लावला. पण मने सांधली नाहीत.

१९६१ मध्ये थिमय्या निवृत्त होताना आपल्या जागी लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांना नेमावे, अशी त्यांची शिफारस होती. थोरात हे कोल्हापूरकडचे मराठी सेनानी. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी नाव कमावले होते. पूर्व विभागाचे प्रमुख असताना, १९५९ मध्येच, चीनचे आक्रमण झाले तर संरक्षणाची फळी कोठे धरावी याची योजना त्यांनी तयार केली होती. पुढल्या वर्षी लखनौला लष्करी सराव घेऊन त्यांनी सैन्याच्या उणिवाही दाखवून दिल्या. ती योजना बाजूला राहिली आणि थोरातही. सेनाप्रमुख झाले जनरल थापर. त्यांच्या हाताखालच्या मोक्याच्या जागेवर आले लेफ्टनंट जनरल कौल. ते पंतप्रधानांच्या विश्वासातले आणि कामाला वाघ होते; पण रणांगणावर सैन्य लढविण्याचा अनुभव त्यांच्या गाठी जवळजवळ नव्हता.

ऑक्टोबर १९६२ मध्ये याच कौलांना ईशान्य सीमेवरील नव्या कोअरचे प्रमुख करण्यात आले. उंचावरच्या विरळ हवेत ते आजारी पडले, त्यांना दिल्लीला आणावे लागले आणि काही दिवस त्यांनी आजारपणाच्या खाटेवरून आघाडी चालविली. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला झाला तेव्हा आमचे जवान सुती गणवेशात, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन लढत होते. नोव्हेंबरमध्ये से-ला आणि बोमदिला पडले. शिपाई कमी पडला नाही, त्याच्यासाठी निर्णय घेणारे कमी पडले.

७ नोव्हेंबरला मेनन गेले. नेहरूंनी मुंबईहून यशवंतरावांना बोलाविले. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे लढाई संपलेली, सैन्य खचलेले, लोकसभा संतप्त. थापर यांनी राजीनामा दिला होता आणि जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्याकडे सेनेची सूत्रे आली होती.

चौधुरी हे नाव आपल्या जिल्ह्याला नवे नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईत सोलापूरकडून जी मुख्य फौज निघाली, तिचे सेनापती तेच होते. पहिली चकमक आपल्या नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि फौजेला हैदराबादची वाट मोकळी झाली. पाच दिवसांत निजामाची सत्ता कोसळली. चौदा वर्षांनी तेच चौधुरी एका मोडलेल्या सेनेची उभारणी करावयास बसले आणि त्यांच्यासमोर मंत्री म्हणून आला कृष्णाकाठचा एक वकील.

येथे माझ्या प्रश्नाचा गाभा आहे. यशवंतरावांची नेमणूकही राजकीयच होती. मग मेनन यांच्या काळात जे बिघडले ते यांच्या काळात सावरले कसे? माझ्या मते, यशवंतरावांना आपल्याला काय येत नाही याची जाण होती. त्यांनी तिन्ही दलांच्या प्रमुखांना सकाळी नियमितपणे भेटण्याचा प्रघात पाडला. प्रथम ऐकून घ्यावयाचे, मग निर्णय घ्यावयाचा आणि घेतल्यावर त्याची जबाबदारी स्वतः उचलावयाची, ही त्यांची रीत. कोणती तुकडी कोठे ठेवावी हे त्यांनी ठरविले नाही. तिला गरम कपडे, बंदुका आणि रस्ते मिळतील हे पाहिले. १९६४ मध्ये संरक्षणाची पंचवार्षिक योजना आली. तिच्यात सव्वाआठ लाखांची भूसेना, दहा पर्वतीय डिव्हिजन आणि हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन यांचे उद्दिष्ट होते. मदतीसाठी त्यांनी त्याच वर्षी अमेरिका आणि रशिया या दोन्ही देशांचे दौरे केले.

परीक्षा लवकरच आली. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले. सेनाप्रमुख चौधुरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जनसिंग मंत्र्यांकडे आले. विमाने वापरावयाची की नाही, हा प्रश्न होता. १९६२ मध्ये लढाऊ विमाने जमिनीवरच राहिली होती. यशवंतरावांनी चर्चा लांबविली नाही, परवानगी दिली. त्याच सायंकाळी पठाणकोटहून विमाने उडाली. त्या दिवशी आपली चार व्हॅम्पायर विमाने पडली, हेही खरे. निर्णय धाडसी असला म्हणून तो फुकट पडत नाही. परंतु रणगाड्यांचा लोंढा रोखण्यास मदत झाली. ६ सप्टेंबरला आपल्या सेनेने लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली आणि २३ सप्टेंबरला युद्ध थांबले. तीन वर्षांपूर्वी खाली गेलेली मान वर झाली.

म्हणून यशवंतरावांचे सारेच बरोबर होते, असे मी म्हणणार नाही. १९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. त्या अहवालातील निष्कर्षांचा सारांश यशवंतरावांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत सांगितला. अहवाल मात्र दडवून ठेवला. सैन्याचे मनोधैर्य राखण्यासाठी त्या वेळी ते आवश्यक असेलही. पण पुढच्या एकाही सरकारने तो अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. ज्या घरांतील मुले परत आली नाहीत, त्या घरांना कारण कळण्याचा हक्क नव्हता काय? पुढील राजकारणातही यशवंतराव कितीदा कुंपणावर बसले, अशी टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. गृह, अर्थ, परराष्ट्र, उपपंतप्रधानपद असा प्रवास करून २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

मित्रहो, लोकशाहीत संरक्षणमंत्री हा राजकारणीच असणार आणि तो तसाच असावा. शेजारच्या देशांत सेनापतींनी राज्ये बळकाविली, ती आपल्याकडे बळकाविली नाहीत, हे आपले भाग्य आहे. परंतु नेमणारा जेव्हा मर्जी पाहतो, तेव्हा थोरातांसारखा माणूस घरी बसतो आणि त्याची योजना कपाटात. नेमणारा जेव्हा काम पाहतो आणि नेमलेला ऐकून घेतो, तेव्हा तीन वर्षांत सेना उभी राहते. दोन्ही वेळा पंतप्रधान, पक्ष किंवा राज्यघटना बदललेली नव्हती. नेहरूंनीच मेनन नेमले आणि नेहरूंनीच यशवंतराव. फरक पडला तो निवडीने. आपण मतदार आहोत, उद्या आपल्यातील कोणी अधिकारी होईल, कोणी शिक्षक, कोणी सरपंच. कोणाला कोठे बसवावयाचे, हा प्रश्न आपल्यापुढेही येणारच आहे. त्या वेळी बर्फात उभ्या असलेल्या माणसाची आठवण ठेवली, तर यशवंतराव वाचल्याचे सार्थक होईल.