विश्लेषण : तोफा वितळवून नांगर करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर कोण होते?

रिकाम्या गॅस सिलिंडरची भट्टी करून घरच्या घरी ॲल्युमिनियम वितळवण्याचे व्हिडिओ सध्या मोबाइलवर सर्रास दिसतात. महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी एका चित्रकलेच्या विद्यार्थ्याने याहून अवघड काम हाती घेतले होते. ते काम होते लोखंड वितळवून शेतकऱ्यासाठी नांगर ओतण्याचे.

चित्रकार ते कारखानदार

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. मात्र काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे लक्षात आल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासोबत बेळगावात सायकलींचा धंदा केला. नंतर कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले.

नांगर का विकला जात नव्हता?

लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. सुरुवातीचे नांगर विकायलाच सुमारे दोन वर्षे लागली. त्यातच नगरपालिकेच्या विस्तारामुळे बेळगावातील जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची निवडुंगाने भरलेली माळरानाची जमीन आणि कर्ज दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

लोखंड वितळवणे अवघड का?

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. शुद्ध लोखंडाला मात्र १५३८ अंश लागतात. त्यात साधारण ३ ते ४ टक्के कार्बन मिसळला की वितळणबिंदू ११५० ते १२०० अंशांवर येतो. हेच बीड, म्हणजे आपल्या बिडाच्या तव्याचे लोखंड. ओतशाळेतील उभ्या भट्टीत कोक, लोखंड आणि चुनखडी यांचे थर रचतात. खालून हवेचा जोरदार झोत सोडला की कोक धगधगतो. चुनखडी अशुद्धी शोषून मळी बनवते आणि खालच्या तोंडातून निघालेला रस वाळूच्या साच्यात ओतला जातो. यात नुसती आग पुरत नाही. हवा पुरेशी मिळाली पाहिजे आणि उष्णता भट्टीत टिकली पाहिजे.

तोफांचे काय झाले?

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले. कच्चा माल नसेल तर भट्टी विझणार आणि वसाहतीतील कुटुंबांची रोजी जाणार. अशा वेळी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी पन्हाळगडावरील जुन्या तोफा कारखान्याला दिल्या. त्या वितळवून नांगर तयार झाले.

पुढे काय?

किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळली जात नसे. शिक्षा भोगून आलेल्यांनाही तिथे काम मिळे. कारखान्यात पुढे पंप आणि इंजिनेही बनू लागली. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल तिकीट निघाले.

आज भट्टी करणाऱ्यांसाठी धडा

सिलिंडरच्या भट्टीचे तत्त्वही तेच आहे. आतून उष्णतारोधक अस्तर, बाहेरून हवेचा झोत आणि मध्ये धातूची मूस. धोका मात्र मोठा आहे. रिकाम्या वाटणाऱ्या सिलिंडरमध्ये उरलेला वायू कापताना भडकू शकतो. घरगुती सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचा असतो, त्यामुळे तो कापता येत नाही. साच्यात किंचित ओल असली तरी तिची क्षणात वाफ होते आणि तप्त रस अंगावर उडतो. म्हणूनच हे काम अंगणात व्हिडिओ पाहून शिकण्यापेक्षा ओतशाळेत जाणत्या कारागिराच्या हाताखाली शिकलेले बरे.