खारेपाटणचं कीर्तन
॥ श्री विठ्ठल प्रसन्न ॥

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या पुस्तकात काहीतरी लिहा म्हणून मंडळींनी आम्हास सांगितलं. आम्ही चौथी शिकलेले, जन्म सगळा नांगरामागं आणि टाळकऱ्यांपुढं गेला. लिहिण्याची सवय नाही. तरी एका महात्म्याचं चरित्र आम्ही चाळीस वर्षं कीर्तनातून सांगत आलो, तेच इथं लिहितो. त्यात आमची एक चूक पण सांगायची आहे.

संत गाडगेबाबा म्हंजे मूळचे डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. जातीनं परीट. बाप दारूपायी लवकर गेला. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. डेबूजी मामाच्या घरी वाढले. गुरं राखली, औत हाकलं, पेरलं, राखलं. शाळा नाही, अक्षराची ओळख नाही. सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गेली ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. आपण शेतकरी आहोत, हे दुःख काय असतं ते आपणास वेगळं सांगायला नको.

कुंताबाईंशी लग्न झालं, लेकरं झाली. मुलीच्या बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. लोक रुसले, पण ते हटले नाहीत. पुढं 1905 साली एका रात्री घर सोडलं ते कायमचं. अंगावर चिंध्या, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात फुटकं गाडगं. त्याच गाडग्यात भाकर मागून खायची, तेच डोक्यावर घालायचं. त्यावरून नाव पडलं गाडगेबाबा. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, देवापुढं बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला, शिवाशीव पाळू नका, हेच त्यांचं निरूपण. पाया पडू देत नसत. पंढरीला येत, पण देवळात जाण्यापरीस वाळवंट आणि रस्ते झाडण्यात त्यांचा देव होता.

आता मुख्य गोष्ट. साल 1923. बाबा कोकणात खारेपाटणला होते. तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचं. मायबाप, आपण वऱ्हाड कुठं आणि कोकण कुठं याचा विचार करा. मधी अख्खा महाराष्ट्र. आज गाडीनं जायचं तरी दिवस-रात्र मोडते. कीर्तन रंगात आलेलं, माणसं समोर बसलेली. तिथं निरोप आला की गोविंद गेला. गोविंद म्हंजे बाबांचा मुलगा. बाबांनी निरोप ऐकला आणि कीर्तन थांबवलं नाही. जगात रोज किती लेकरं जातात, त्या सगळ्यांसाठी जो रडला नाही त्यानं एकासाठी का रडावं, असा त्यांचा भाव होता. कीर्तन पुरं झालं.

ही गोष्ट आम्ही किती गावांत सांगितली याचा हिशेब नाही. सांगताना आवाज चढायचा. आम्ही म्हणायचो की खरा वारकरी असा पाहिजे, डोळ्याला पाणी आलं की भक्ती कच्ची. लोक माना डोलवायचे. पुढं बसलेल्या बायांत कोणाचं लेकरू गेलेलं असेल, कोणाचा धनी गेलेला असेल, हे आमच्या ध्यानात कधी आलं नाही.

मग एका वर्षी वारीत नातेपुत्याच्या मुक्कामी आमचंच कीर्तन चालू असताना गावाकडून फोन आला. थोरला भाऊ गेला. बाप गेल्यावर ज्यानं आम्हाला वाढवलं, औत धरायला शिकवलं, आमच्या गळ्यात माळ घातली, तो. आम्ही एक शब्द पुढं बोलू शकलो नाही. उभ्या जागी खाली बसलो. विणेकऱ्यांनी नामाचा गजर धरला, टाळकऱ्यांनी कीर्तन तडीस नेलं. दिंडीतल्या माऊलींनी जीप केली, दोघं सोबत आली. घरी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तोंड पाहायला मिळालं नाही.

पुढं दोन वर्षं आम्ही खारेपाटणची गोष्ट सांगितली नाही. लाज वाटायची. लोकांना ज्या मापानं मोजलं त्या मापात आपणच उतरलो नाही.

तिसऱ्या वर्षी आमच्या वहिनींनीच विचारलं, भाऊजी, बाबांची गोष्ट का सांगत नाही? आम्ही खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या रात्री कुंताबाई घरी काय करत असतील ते पण सांगत जा. मग वहिनींनी मुंबईची आठवण काढली. भावाला उपचाराला जे.जे. रुग्णालयात नेलं होतं, तेव्हा वहिनी अकरा रात्री जवळच्या धर्मशाळेत झोपल्या. ती धर्मशाळा गाडगेबाबांची. परगावाहून आलेल्या गरीब रोग्यांच्या माणसांना आसरा पाहिजे म्हणून बाबांनी उतारवयात उभी केलेली.

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. बाबांचं दुःख आटलं नव्हतं. ते त्यांनी दुसऱ्याच्या कामी लावलं. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा, नाशिकला, आळंदीला, देहूला धर्मशाळा, नदीला घाट, पोरांना शाळा. स्वतःसाठी एक झोपडी बांधली नाही. घरापासून लांब अडकलेल्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा मिळावी, हे कोणाला सुचतं? ज्यानं लांब असताना घरचा निरोप ऐकलाय त्यालाच. 20 डिसेंबर 1956 रोजी बाबांनी देह ठेवला, तो पण वाटेवरच, अमरावतीला जाताना, पेढी नदीपाशी.

आता आम्ही ती गोष्ट परत सांगतो, पण आवाज चढवत नाही. बाबांचं कीर्तन थांबलं नाही ही त्यांची थोरवी. आमचं थांबलं, आणि दिंडीनं ते पुढं नेलं, ही दिंडीची थोरवी. शंभर वर्षांत या दिंडीत वाटेवर किती जणांना असे निरोप आले असतील. त्यांना कोणी कच्चा म्हटलं नाही, वाटखर्च आणि सोबत दिली. पुढच्या पिढीनं एवढं एक सांभाळावं, ही हात जोडून विनंती. आमच्या तोंडून पूर्वी कोणाचं मन दुखलं असेल तर माफी असावी.

रामकृष्ण हरी.