मच्छरदाणीतला शोध

कला शाखेच्या विद्यार्थ्याने डासांवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण रोनाल्ड रॉस मुळात आपल्याच बिरादरीतला. १३ मे १८५७ रोजी अल्मोड्याला जन्मलेल्या या मुलाला काव्याचा नाद होता; लष्करी अधिकारी असलेल्या वडिलांचा हट्ट मात्र त्याने डॉक्टर व्हावे असा. १८८१ साली तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये रुजू झाला, तरी त्याचा जीव बराच काळ कविता, कादंबऱ्या आणि गणितातच रमलेला होता.

१८९४ साली लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन या वडीलधाऱ्या डॉक्टरने त्याला हिवतापाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. या रोगात डासाचा हात असावा, हा मॅन्सनचा तर्क रॉसच्या डोक्यात पक्का बसला. पुढच्या वर्षी तो सिकंदराबादच्या छावणीत आला. (हा मुलूख निजामाचा. आपला मराठवाडाही तेव्हा त्याच संस्थानात होता.) दोन वर्षे तो डास चिरीत बसला, पण ते भलत्याच जातीचे. मध्यंतरी १८९७ साली उटीजवळच्या सिगूर घाटात गेला असता त्याला स्वतःलाच हिवतापाने गाठले, आणि तेही मच्छरदाणीत निजण्याची खबरदारी घेऊन! साधे जाळे किती दगा देते, हे त्याला असे कळले.

ऑगस्टमध्ये सिकंदराबादला ठिपकेदार पंखांचे डास हाती लागले. हुसेन खान नावाच्या रुग्णाला त्याने मच्छरदाणीत निजवले आणि डास आत सोडले. रुग्णाला दर चाव्यामागे एक आणा मिळाला. जगभर डास बाहेर ठेवण्यासाठी वापरतात ते जाळे इथे त्यांना आत कोंडण्यासाठी वापरले गेले, याची मला मोठी गंमत वाटते. उकाडा असह्य, पण डास उडून जातील म्हणून पंखा बंद. सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजलेले. २० ऑगस्टला उरल्यासुरल्या डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत त्याला काळ्या कणांच्या पेशी दिसल्या. शोधाच्या आनंदात त्याने दुसऱ्याच दिवशी कविता रचली! रॉसचे नाव पाठ्यपुस्तकात गेले. अंगावर डास घेणाऱ्या हुसेन खानाची आठवण मात्र फार थोड्यांना असते. मला हे खटकते.

लागलीच सरकारने त्याची बदली राजपुतान्यातल्या खेरवाड्याला केली आणि काम अडले. अखेर १८९८ साली कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्याने जंतू डासाच्या लाळग्रंथीत पोचतो हे दाखवले. १९०२ साली नोबेल मिळाले. इटलीच्या ग्रास्सीशी श्रेयाचा वाद मात्र तो आयुष्यभर कडवटपणे भांडत राहिला. हा भाग वाचवत नाही.

उत्तरायुष्यात त्याने डासांची पैदास रोखण्यावर भर दिला. त्याचे खरे मोठे काम मला गणितातले वाटते. एकूण एक डास मारण्याची गरज नाही. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली की रोग आपोआप ओसरतो, असे त्याने गणिताने मांडले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी तो लंडनमध्ये वारला.

जाळ्याचा दगा दूर व्हायला आणखी अर्धशतक लागले. हात जाळ्याला टेकला, कुठे भोक पडले, की साधी मच्छरदाणी व्यर्थ. १९८० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात मच्छरदाण्या कीटकनाशकात बुडवून पाहण्यात आल्या. टेकलेला डास मरू लागला, आणि पुरेशी घरे ती वापरू लागली तर शेजाऱ्यांनाही लाभ होतो, हे पुढे दिसले. रॉसचे गणित असे कापडात उतरले. मोठ्यांना वारंवारच्या तापाने थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते. पाच वर्षांखालच्या पोराला ती नसते, आणि हा डास चावतो रात्री, पोर झोपेत असताना. पुढे घाना, केनिया, बुर्किना फासो इथेही चाचण्या झाल्या. सगळ्यांचा मेळ घालता अशा मच्छरदाण्यांनी लहान मुलांचे एकूण मृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी घटतात, असे आढळले.

डासही स्वस्थ बसलेले नाहीत. आफ्रिकेत अनेक ठिकाणी ते या औषधाला सरावले. म्हणून २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने दोन औषधे एकत्र असलेल्या नव्या मच्छरदाण्यांची शिफारस केली.